नर्सबाईंच्या हाती बाळंतपण : गावातल्या गरोदर स्त्रीने आणि घरच्यांनी काय पाहावे, काय विचारावे

महाराष्ट्राच्या खेड्यांत सरकारी दवाखान्यांतली बहुतेक साधी बाळंतपणे परिचारिकेच्या हातून होतात. डॉक्टर आवारात असतात, बोलावले की येतात. पण कळांच्या सगळ्या तासांत बाईजवळ असते ती नर्सबाई. तरीही ‘डॉक्टर नसतील तर तिथे बाळंतपण करायचे कसे?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. दुसऱ्या बाजूने घरातली एखादी आजी सांगते, ‘आमची सगळी घरीच झाली, सुईणीने केली, काय बिघडले?’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होतात. त्यामुळे घर की दवाखाना हा वाद बहुतेक ठिकाणी संपला आहे. कोणत्या दवाखान्यात, कोणाच्या हाती आणि पुढे हलवायचे ते कधी, हे ठरवताना मात्र गोंधळ होतो.

प्रसाविका म्हणजे नेमके कोण?

पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक बाई ‘सिस्टर’ म्हणून ओळखली जाते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. गावात भेटणाऱ्या स्त्रियांचे काम आणि शिक्षण वेगवेगळे असते.

- सुईण किंवा दाई : अनुभव मोठा, औपचारिक शिक्षण नाही. मालिश, धीर, बाळंतिणीची उठबस यात तिचा हात धरणारे कोणी नसते. रक्तस्राव थांबवण्याचे औषध मात्र तिच्याजवळ नसते.
- आशाताई : नोंदणी, तपासणीला नेणे, सोबत करणे, बाळंतपणानंतर घरी येऊन पाहणे ही तिची कामे. बाळंतपण करणे हे तिचे काम नव्हे आणि तिच्याकडून ते करून घेऊही नये.
- एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका : दोन वर्षांचे शिक्षण. उपकेंद्रावर नेमणूक. गरोदरपणातल्या तपासण्या, लसी, आणि जिथे सोय आहे तिथे बाळंतपणही. २०१० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव रोखण्याचे ऑक्सिटोसिन, झटक्यांवरचा मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस आणि काही प्रतिजैविके आणीबाणीत देण्याची तिला परवानगी आहे.
- स्टाफ नर्स (जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग) : प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूमचा खरा भार हिच्यावर.
- नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी : नर्सिंगचे शिक्षण आणि अनुभव असलेल्या परिचारिकेने १८ महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण घेऊन केवळ बाळंतपणाच्या सेवेत काम करायचे, अशी ही श्रेणी. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्याआधी २०१७ मध्ये तेलंगणाने करीमनगरला असे प्रशिक्षण सुरू केले होते. या प्रसाविकांनी चालवायचे कक्ष मोठ्या रुग्णालयांना जोडून असतात. खेड्यातल्या स्त्रीला ते हाताशी मिळतीलच असे नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात चौकशी करावी.

उपकेंद्रावर हल्ली समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. त्यांचे मुख्य काम सर्वसाधारण आजारांचे आहे. बाळंतपणाचे विचारायचे असेल तर एएनएमलाच विचारलेले बरे.

प्रसाविकेच्या देखरेखीखाली बाळंतपण कितपत सुरक्षित, याचा मोठा अभ्यास ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या चाचण्यांवर उभा आहे. ओळखीच्या प्रसाविकेने गरोदरपणापासून शेवटपर्यंत सोबत केली, तर चिमटा लावून किंवा टाके घालून करायची बाळंतपणे कमी होतात आणि बायका अधिक समाधानी असतात, असे त्यातून दिसले. पण त्या देशांत गरज पडताच रुग्णवाहिका दारात येते आणि शस्त्रक्रियागृह तयार असते. अक्कलकुवा किंवा भामरागडच्या पाड्यावर ते गृहीत धरता येत नाही. म्हणून इथे प्रसाविकेच्या हाती बाळंतपण सोपवताना एक अट घालावी लागते : जोखीम आधी तपासलेली हवी आणि पुढच्या रुग्णालयाची वाट मोकळी हवी.

कोणाचे बाळंतपण नर्सबाईंकडे, कोणाचे थेट मोठ्या रुग्णालयात?

पहिले किंवा दुसरे बाळंतपण, दिवस पूर्ण (३७ आठवड्यांपुढे), एकच बाळ, डोके खाली, रक्तदाब ठीक, रक्त पुरेसे : अशा स्त्रीचे बाळंतपण चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित परिचारिकेकडे निर्धास्तपणे करावे. तिने सत्तर किलोमीटर दूर शहरात जाऊन खाट अडवण्याचे कारण नाही.

पुढीलपैकी एकही गोष्ट असेल, तर मात्र शस्त्रक्रिया आणि रक्त या दोन्हींची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवावे :

- आधीचे बाळंतपण सिझरने झालेले. आधी मृत बाळ जन्मलेले किंवा बाळंतपणानंतर फार रक्त गेलेले
- जुळे, आडवे किंवा पायाळू बाळ
- रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त
- हिमोग्लोबिन ७ च्या खाली
- मधुमेह, हृदयविकार, फिट्स, सिकलसेल
- आईचा रक्तगट निगेटिव्ह
- उंची १४० सेंटीमीटरपेक्षा कमी. वय १८ च्या आत किंवा ३५ च्या पुढे
- पाचवे किंवा त्यापुढचे बाळंतपण
- गरोदरपणात कधीही अंगावरून रक्त गेलेले

सिकलसेलकडे विशेष लक्ष हवे. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार बराच आढळतो आणि गरोदरपणात तो अचानक उग्र होऊ शकतो. नवऱ्याची तपासणी करण्याचा आग्रह नर्सबाईंनी धरला तर घरच्यांनी रागावू नये. दोघेही वाहक असले तर बाळाला आजार होण्याची शक्यता असते, म्हणून ते विचारले जाते.

‘रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. भूलतज्ज्ञ रात्री असतात का आणि रक्त तिथेच मिळते का, हे दोन प्रश्न दिवस भरण्याआधी विचारून ठेवावेत. थिएटर असूनही भूलतज्ज्ञ नसल्याने मध्यरात्री बाईला जिल्ह्याला पाठवावे लागणे, हे ग्रामीण रुग्णालयांचे जुने दुखणे आहे.

गरोदरपणातल्या तपासण्या : कमीत कमी चार

पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत एएनएमकडे नाव नोंदवावे. दुसरी तपासणी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये, चौथी ३६ च्या पुढे. हा किमान हिशेब झाला. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सुचवते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून पुढे निदान एकदा तरी या दिवशी जावेच, कारण नर्सबाईंनी केलेली जोखमीची पारख डॉक्टरांच्या नजरेखालून जाण्याची हीच जागा. माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लावले तर ‘जोखमीची माता’ असा त्याचा अर्थ. ते लपवण्याची किंवा काढून टाकण्याची गोष्ट नाही.

प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब, लघवी आणि रक्ताची तपासणी व पोट तपासून बाळाची स्थिती, एवढे व्हायलाच हवे. रक्तदाब न मोजताच आकडा लिहिला जातो असे दिसले, तर ‘सिस्टर, एकदा मोजून घ्या ना’ असे सरळ म्हणावे. त्यात उद्धटपणा काही नाही. लघवी न तपासता सोडले तर तेही विचारावे. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका याच दोन तपासण्यांत आधी दिसतो.

लोहाच्या गोळ्या घराघरांत ट्रंकेत पडून राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. शौच काळी होते, मळमळते, बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी भीतीही असते. शौच काळी होणे नेहमीचेच आहे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीशी दोन तासांचे अंतर ठेवावे, नाही तर लोह अंगी लागत नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० गोळ्या गरोदरपणात आणि तितक्याच बाळंतपणानंतर. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर मात्रा दुप्पट केली जाते. गोळ्यांनी रक्त वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येते. त्यासाठी आठव्या-नवव्या महिन्याची वाट पाहू नये. रक्त चांगले असलेली बाई बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी तग धरते. पांढरी पडलेली बाई तेवढ्यानेच कोसळते.

आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाडीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळते. ते अंगणवाडीतच बसून खावे. डबा घरी नेला की तो सगळ्यांत वाटला जातो.

माहेरी जाताना, ऊसतोडीला जाताना

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत चांगली आहे. मुलीला आईजवळ मोकळे वाटते. पण सातव्या महिन्यात सासर सोडताना ज्या नर्सबाईंनी सहा महिने तपासले, त्यांचा हात सुटतो आणि नव्या गावी कोणालाच काही माहीत नसते. म्हणून :

1. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे सर्व कागद, आधार आणि बँक पासबुक मुलीच्या हाती द्यावे. सासरी कपाटात ठेवू नये.
2. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत माहेरच्या एएनएम आणि आशाताईंना भेटावे. कार्ड महाराष्ट्रभर चालते. ‘तुमची नोंद इथली नाही’ म्हणून तपासणी नाकारता येत नाही.
3. दोन्ही गावांच्या आशाताईंना एकमेकींचे फोन नंबर द्यावेत. एवढ्याने निम्मे घोळ मिटतात.
4. माहेरच्या केंद्रातली लेबर रूम एकदा दिवसा जाऊन पाहावी.

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची स्थिती अधिक बिकट आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिच्यावर उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, त्यामुळे नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहणे चालू राहते. जमेल तर सातव्या महिन्यानंतर गावी परतण्याची बोली मुकादमाशी उचल घेतानाच करावी. ते शक्य नसेल तर कारखान्याच्या गावातले उपकेंद्र पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावे आणि कार्ड कोपीत, म्हणजे राहत्या खोपट्यात, प्लास्टिकच्या पिशवीत जपावे. खोपट्यात बाळंत झालेल्या बाईलाही त्याच दिवशी दवाखान्यात नेता येते आणि तिला मिळायच्या सेवा मिळतात.

दुर्गम भागांत पावसाळा आधी मोजावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. मेळघाटात आणि सातपुड्यातही नाले चढले की रुग्णवाहिका अलीकडेच थांबते. दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरत असतील तर आठवडा-दहा दिवस आधी ‘माहेरघरा’त जाऊन राहावे. आदिवासी जिल्ह्यांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ही सोय आहे. सोबत घरचे एक माणूस राहू शकते. घरात लहान मूल आहे म्हणून बायका जायचे टाळतात. त्या मुलाला सोबत नेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे.

घरून कधी निघायचे?

कळा सुरू झाल्या की लगेच धावल्याने बायका दोन दोन दिवस दवाखान्यात अडकून पडतात आणि कंटाळून परत येतात. फार उशीर केला तर वाटेत जीपमध्ये बाळंतपण. केंद्र जवळ असेल तर दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक पाऊण मिनिटाच्या आसपास टिकणारी, अशी लय आली की निघावे. दुसरे-तिसरे बाळंतपण असेल किंवा रस्ता तासाभराचा असेल तर कळा नियमित होताच निघावे.

कळा नसल्या तरी थांबू नये, अशा वेळा :

- पाणमोट फुटून पाणी गेले. पाणी हिरवट किंवा रक्ताळलेले असेल तर त्याच क्षणी
- अंगावरून लाल रक्त
- डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि हातांना सूज, झटके
- बाळाची हालचाल थांबणे किंवा बरीच कमी होणे
- ताप, पोट सतत कडक राहणे

१०२ वर फोन केला की गरोदर मातेसाठी मोफत गाडी मिळते. अत्यवस्थ स्थितीत १०८. गाडी येत नसेल तर वाट पाहत बसू नये. गावातली एक गाडी आणि तिचा चालक नवव्या महिन्यातच ठरवून ठेवावा आणि ग्रामपंचायतीत तसे सांगून ठेवावे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : कळा वाढवण्यासाठी गावातल्या खासगी ‘डॉक्टर’कडून घरीच सुई टोचून घेणे. बाळंतपणानंतर रक्त थांबवणारे ऑक्सिटोसिनच बाळ पोटात असताना स्नायूत टोचले, तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळाचा श्वास कोंडतो. गावात ही सुई ‘झटपट मोकळी करणारी’ म्हणून ओळखली जाते, इतकी ती सर्रास आहे. कोणी आग्रह केला तर नकार द्यावा. आधीच घेतली असेल तर दवाखान्यात पोहोचताच सांगावे, लपवू नये.

लेबर रूममध्ये काय हक्काचे आहे

बायकांच्या आठवणी ऐकल्या तर वैद्यकीय चुकीपेक्षा वागणुकीचा सल मोठा असतो. एकटे ठेवले, ओरडले, ‘तेव्हा मजा वाटली ना’ असे सुनावले, चापट मारली, दार उघडेच होते. कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला सूचना मराठीतून दिल्या गेल्या आणि न समजल्याबद्दल तिलाच बोल लावला. याच बायका चांगल्या नर्सबाईंची आठवण वर्षानुवर्षे काढतात, आणि तेव्हा सांगतात ते असे की ती जवळ बसली, पाठ चोळली, काय चालले आहे ते बोलीत समजावले. दोन्ही प्रकारची माणसे एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात भेटू शकतात. म्हणून काय मागता येते, हे माहीत असावे.

- सोबतीण. २०१६ पासून केंद्र सरकारच्या सूचनेनुसार सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी एक सोबतीण आत राहू शकते. आई, जाऊ, नणंद किंवा सुईणही चालते. जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी असावी. भाषेची अडचण असेल तर दोन्ही बोली येणारी निवडावी. घरच्या सुईणीला बरोबर नेणे हा फारच चांगला मार्ग आहे : तिचा हात आणि नर्सबाईंचे औषध दोन्ही मिळतात.
- चालणे, बसणे, कुशीवर होणे. उताणे पडून राहण्याची सक्ती नसावी. उकिडवे बसून किंवा कुशीवर बाळंत होण्याची इच्छा असेल तर आधी सांगावे. सगळ्याच परिचारिकांना त्याचा सराव नसतो, आणि हे त्या मोकळेपणाने सांगतील तर बरे.
- पाणी, चहा, पेज. साध्या बाळंतपणात उपाशी ठेवण्याचे कारण नाही.
- पडदा आणि मोजकी तपासणी. आतून तपासणी चार तासांनी एकदा पुरते. प्रत्येक वेळी वेगळे माणूस येऊन तपासत असेल तर कारण विचारावे.
- सरसकट कात्री नको. पहिलटकरणीला कात्री लावावीच लागते, हा समज जुना आहे. गरज असेल तेव्हा भूल देऊनच लावावी आणि टाकेही भूल देऊनच घालावेत.
- पोटावर दाब नको. वरून पोट दाबून बाळ ढकलणे धोक्याचे आहे. कोणी करू लागले तर सोबतिणीने स्पष्ट ‘नको’ म्हणावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर कळांचा खरा टप्पा सुरू होतो आणि तो पहिलटकरणीत बारा तासांपर्यंत, नंतरच्या बाळंतपणात दहा तासांपर्यंत चालू शकतो. तासाला एक सेंटीमीटर उघडले नाही म्हणून घाई करण्याचे कारण नाही. घरच्यांनीही ‘एवढा वेळ का लागतो, सलाईन लावा’ असा धोशा लावू नये. त्या धोशापायी नको तिथे औषध दिले जाते.

बाळ बाहेर आल्यावर आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मिळाले का, हे सोबतिणीने विचारावे. रक्तस्राव टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय तोच. बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवावे, नाळ निदान मिनिटभराने बांधावी, तासाच्या आत अंगावर पाजावे. चिकाचे दूध पिळून टाकू नये. मध, घुटी, गूळपाणी काही नको. आंघोळ दुसऱ्या दिवशी.

‘पुढे न्या’ असे सांगितले तर

पुढे पाठवणे म्हणजे नर्सबाईंनी हात झटकले, असे घरच्यांना वाटते. वेळेवर पाठवणारी प्रसाविका हीच चांगली प्रसाविका. राग यायचा असेल तर तो उशिरा पाठवल्याचा यावा. त्या वेळी पुढील गोष्टी मागून घ्याव्यात :

1. लिहिलेली चिठ्ठी : काय झाले, किती वाजता, कोणते औषध दिले
2. मोफत गाडी; एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचा खर्च रुग्णाने द्यायचा नसतो
3. पुढच्या रुग्णालयाला केलेला फोन, आणि तिथल्या माणसाचे नाव
4. झटके किंवा रक्तस्राव असेल तर निघण्यापूर्वी पहिला डोस आणि सोबत परिचारिका

पुढचे रुग्णालय खासगी असावे असे गाडीचा चालक किंवा कोणी दलाल सुचवत असेल तर ऐकू नये. सरकारीतून खासगीत गेले की मोफत सेवेचा हक्क तिथे संपतो. खासगी प्रसूतिगृहच निवडायचे झाले तर तिथे नोंदणीकृत परिचारिका आहे का, हे पाहावे. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यानुसार प्रसूतिगृहात पात्र प्रसाविका असणे बंधनकारक आहे. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली असली पाहिजे.

बाळंतपणानंतरचे दिवस

‘मोकळी झाली, आता घरी न्या’ ही घाई महागात पडते. रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या दोन तासांत आणि पहिल्या दिवशी असतो. दोन दिवस, म्हणजे ४८ तास, दवाखान्यातच राहावे. पहिल्या दोन तासांत नर्सबाईंनी पंधरा-पंधरा मिनिटांनी पोट आणि रक्तस्राव पाहायला हवा. भराभर कपडे भिजत असतील तर वाट न पाहता बोलावावे.

याच काळात काही ठिकाणी तांबी बसवण्याचा विषय निघतो. तांबी चांगली आहे. पण विचारल्याशिवाय बसवता येत नाही. कळांच्या भरात ‘हो’ म्हटलेले खरे मानू नये. गरोदरपणातच ठरवून कार्डावर लिहून घ्यावे, आणि नको असेल तर तेही लिहून घ्यावे.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. या पद्धतीचा पाया गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घातला. तिथे गावातल्या स्त्रियांनी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन मृत्यू बरेच कमी करून दाखवले. आशाताई आल्यावर बाळ उघडून दाखवावे, वजन करून घ्यावे. नाळेवर राख, हळद, शेण, तेल काही लावू नये. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडू देऊ नये.

बाळंतिणीला ताप, घाण वासाचा स्राव, पोटरीत दुखरी सूज, डोकेदुखी, किंवा सतत रडू येणे, बाळाकडे न पाहणे, झोप न लागणे असे काही झाले तर सव्वा महिना पूर्ण होण्याची वाट पाहू नये. शेवटच्या दोन-तीन लक्षणांना ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारा लावला जातो आणि आठवडे निघून जातात.

पैसे, कागद आणि तक्रार

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, घर ते दवाखाना आणि परतीची गाडी मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवणही. बाहेरून औषध आणायला सांगितले तर चिठ्ठी लेखी मागावी. ‘मुलगा झाला, पेढ्यांचे द्या’ किंवा बाळ दाखवण्याचे पैसे द्यायचे नाहीत.

- जननी सुरक्षा योजना : दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती किंवा जमातीच्या ग्रामीण मातेला ७०० रुपये.
- प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० एकरकमी.

हे पैसे अडकतात ते बहुधा नावामुळे. आधार माहेरच्या नावाचे, बँकेत सासरचे, कार्डावर तिसरेच. लग्नानंतर लगेच किंवा निदान पाचव्या महिन्यापर्यंत नाव एकसारखे करून घ्यावे, आणि खाते बाईच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले असावे. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. दवाखाना ती पाठवतो, तरी दाखला हातात आल्याशिवाय विषय सोडू नये. नाव नंतर घालता येते.

तक्रार करताना दार चुकते, म्हणून कागद फिरत राहतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांची तक्रार वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. तारीख, वेळ, कोणत्या पाळीत घडले, कोण हजर होते एवढे लिहावे आणि पोच घ्यावी. बाईला पुन्हा त्याच केंद्रात जायचे असते, त्यामुळे ती एकटीने सही करायला कचरते. अशा वेळी गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीमार्फत किंवा ग्रामसभेच्या ठरावाने तक्रार पुढे न्यावी. चांगले काम करणाऱ्या नर्सबाईंचे नाव त्याच समितीत नोंदवायलाही हरकत नाही. बदलीच्या यादीत त्यांचे नाव आले की गावाला ती नोंद दाखवता येते.